तिथी पाहून नांगर टाकायचा : मुंबई ते पणजी, शिडाच्या बोटीने

कोकण किनाऱ्याने शिडाच्या बोटीतून जायचं म्हटलं की पहिला प्रश्न वाऱ्याचा नसतो, रात्री थांबायचं कुठे याचा असतो. मुंबईहून पणजी समुद्रमार्गे साधारण २२० सागरी मैल. बोट धक्क्याला बांधावी, नळाचं पाणी भरावं आणि निवांत झोपावं असं मरिना या वाटेवर मिळत नाही. पण दर पंधरा-वीस मैलांवर एक खाडी समुद्राला मिळते आणि जवळपास प्रत्येक खाडीच्या तोंडावर एक किल्ला उभा आहे. गलबतं कुठे निर्धास्त उभी राहतात हे ज्यांना ठाऊक होतं, त्यांनीच या जागा निवडल्या. पुढे मुंबई-गोवा प्रवासी बोटीही हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला असंच थांबत जात. आम्ही आमचे बहुतेक मुक्काम याच यादीतून निवडले.

बोट ३३ फुटी, एका डोलकाठीची, पाण्याखाली दीड मीटर. बोटीवर मी, माझा मावसभाऊ आणि कॉलेजात शिकणारी त्याची मुलगी. महिना पौष. या दिवसांत पहाटेपासून जमिनीवरून मतलई वाहते, दहा-अकराला सगळं शांत होतं आणि दुपारी वायव्येकडून खारा वारा उठतो. दक्षिणेला जाणाऱ्याला यापेक्षा चांगला काळ नाही.

भरती-ओहोटीचं छापील कोष्टक सोबत होतंच, पण कोकणातला जुना हिशेब मला अजूनही सर्वांत सोयीचा वाटतो : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहा वाजता, चतुर्थीला तीन वाजता. हा हिशेब मुंबईच्या आसपास चांगला जुळतो. दक्षिणेला सरकावं तशी भरती थोडी आधी येते, गोव्याजवळ जवळपास तासभर.

पंचमी : मुंबई ते राजपुरी

पाच पाऊण पावणेचार. म्हणजे पहाटे पावणेचारला पूर्ण भरती आणि त्यानंतर पाणी सुकतीला लागणार. त्या सुकतीवर गेटवेसमोरून निघालो. बंदराबाहेर पडेपर्यंत पाण्याने आम्हाला जवळजवळ ढकलतच नेलं. खांदेरीचा दिवा मागे टाकला तेव्हा पूर्वेला फटफटत होतं आणि थंडीने बोटं आखडली होती.

अलिबागपासून चौलपर्यंत एकाने पुढे बसून फक्त जाळ्यांवर नजर ठेवायची. डोल जाळ्यांचे खुंट आणि बोये दिवसा दिसतात, रात्री नाही. वाहत्या जाळ्यांना कोळी बांधव झेंडे आणि लुकलुकते दिवे लावतात, पण लाटेआड गेले की तेही दिसत नाहीत. म्हणून किनाऱ्याजवळून रात्री जायचं नाही आणि अंधारात अनोळखी खाडीत शिरायचं नाही, हा नियम आम्ही शेवटपर्यंत पाळला.

दुपारी तीनच्या सुमाराला आधी पद्मदुर्ग दिसला, मग जंजिरा. किल्ल्याला वळसा घालून राजपुरीच्या खाडीत शिरलं की लाट एकदम बसते. दिघी बंदराकडे जाणाऱ्या मोठ्या जहाजांची वाट सोडून, राजपुरी गावाच्या बाजूला पाच मीटर पाण्यात नांगर टाकला. खाली चिखल. इंजिन मागे चालवून ताण दिला, साखळी ताठ झाली आणि बोट जागच्या जागी उभी राहिली.

पर्यटकांना जंजिऱ्यावर नेणाऱ्या शिडाच्या होड्या संध्याकाळी परतत होत्या. त्यातल्या एका म्हाताऱ्या खलाशाने होडी आमच्या अगदी जवळून नेली आणि आमच्या शिडाकडे पाहत विचारलं, "किती वारा घेतं हे?" मग बराच वेळ त्याचं आणि मावसभावाचं शिडांवरच बोलणं चाललं. त्याचं तिरकं शीड एका आडव्या परबाणावर, म्हणजे लांब काठीवर, बांधलेलं. वारा फिरला की परबाण डोलकाठीच्या दुसऱ्या बाजूला घ्यायचं. ते काम तो एकटा, बसल्या जागेवरून करत होता.

रात्री साडेदहाला चंद्र मावळला आणि पुतणीने बादली पाण्यात सोडली तर पाणी निळसर चमकलं. साखळी जिथे पाण्यात शिरत होती तिथेही तेच, प्रत्येक हिंदकळ्याला उजेडाची रेघ. सूक्ष्म सागरी जीव पाणी हललं की असे चमकतात. आम्ही तिघंही मध्यरात्र उलटेपर्यंत डेकवरच होतो.

साखळी किती सोडायची याबद्दल इथेच सांगतो. यंत्रावर दिसणारी खोली धरायची नाही, भरतीला होणारी धरायची. समजा, ओहोटीला पाच मीटर पाणी, भरतीचे आणखी तीन, नाळेची, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाची, पाण्यापासून उंची एक, असे नऊ. त्याच्या पाचपट, म्हणजे ४५ मीटर साखळी. मुंबईत उधाणाला पाणी चार मीटरच्या वर चढतं-उतरतं आणि गोव्यात जेमतेम दोन. त्यामुळे दक्षिणेला हा हिशेब सोपा होत जातो.

षष्ठी : हर्णै

तीस मैल, त्यातले निम्मे शिडावर. सुवर्णदुर्ग आणि किनारा यांच्यामध्ये, कोळ्यांच्या बोटींपासून थोडं अंतर ठेवून नांगर टाकला. पाच मिनिटांत शेजारच्या बोटीवरून तांडेलांनी हाक मारली, "दादा, इथून हला. रात्री लिलावाच्या बोटी याच वाटेनं येतात." नुसतं सांगून थांबले नाहीत. आपल्या पोराला छोट्या होडीतून पाठवलं, त्याने लांब बांबू पाण्यात खुपसून तळ पाहिला आणि "इथं वाळू आहे, तिकडं खडप" असं करत आम्हाला जागा दाखवली. खोली दाखवणारं आमचं यंत्र तळाला काय आहे ते सांगत नव्हतं. बांबूने सांगितलं.

संध्याकाळचा लिलाव हे हर्णैचं वैभव. बोटी उथळ पाण्यात येऊन थांबतात, बैलगाड्या चाकं बुडेपर्यंत पाण्यात जातात आणि मासळीच्या टोपल्या घेऊन वर येतात. वाळूवर सुरमई, पापलेट, कोळंबी यांचे ढीग आणि भोवती बोली लावणाऱ्या बायका. आवाज असा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. आम्हाला हवी होती एकच लहान सुरमई. ढिगाची बोली लावणाऱ्या एका मावशींनी ती आपल्या वाट्यातून काढून दिली आणि साफ करायची सुरी कुठे मिळेल तेही सांगितलं.

रात्र मात्र हलती गेली. वायव्येची लाट किल्ल्याला वळसा घालून आत येते आणि बोट कुशीवर डोलत राहते. पौष-माघात हर्णैला थांबता येतं, पण गाढ झोपेची अपेक्षा ठेवू नये. १७५५ साली इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने हाच सुवर्णदुर्ग तुळाजी आंग्र्यांकडून घेतला. डोलत्या बोटीतून रात्री तो तट पाहताना, त्या काळी इथे नांगरून राहिलेल्या माणसांनीही हीच लाट सोसली असेल, हे मनातून जात नव्हतं.

सप्तमी : दाभोळ

अंतर फक्त चौदा मैल, पण वाशिष्ठीच्या तोंडाशी वाळूचा बांध आहे आणि तो जागा बदलतो. नकाशा किती नवा आहे यावर इथे भिस्त ठेवता येत नाही. भरती सव्वापाचला, म्हणून हर्णैहून मुद्दाम उशिरा निघालो आणि तीनच्या सुमाराला, पाणी चढत असताना तोंडाशी पोचलो. चढत्या पाण्यात बोट टेकली तरी पुढच्या पाण्याने ती उचलली जाते. उतरत्या पाण्यात टेकली तर पुढच्या भरतीपर्यंत तिथेच. मासे घेऊन परतणाऱ्या एका ट्रॉलरच्या मागे राहिलो. ट्रॉलरवरचा माणूस मागे येऊन हाताने डावीकडे-उजवीकडे दाखवत होता. आत पोचल्यावर त्याने हात उंचावला आणि वळून निघूनही गेला.

दाभोळ-धोपावे फेरीबोटीची वाट सोडून वरच्या अंगाला नांगर टाकला. वाशिष्ठीत वर चिपळूणकडे मगरी आहेत, हे पुतणीला आधीच सांगितलेलं बरं पडलं, नाहीतर तिने पोहायला उडी घेतली असती. इथे प्रवाह सहा तासांनी उलटतो आणि बोट नांगराभोवती पूर्ण फिरते. शेजारच्या बोटी दोरावर उभ्या असतील तर त्या आपल्यापेक्षा मोठं वर्तुळ घेतात, म्हणून अंतर जास्त ठेवावं.

सकाळी चंडिकेच्या देवळात गेलो. भुयारातलं देऊळ, वाकून आत शिरायचं, समईचा तेवढा उजेड. बाहेर आल्यावर उन्हाने डोळे दिपले.

अष्टमी आणि नवमी : जयगड

शास्त्री नदीचं हे मुख म्हणजे निवारा कसा असावा याचा नमुना. खोल पाणी, डोंगराचा आडोसा, तळाला घट्ट चिखल. तोंडाशी आता मोठं बंदर आहे, कोळशाची अजस्र जहाजं येतात. व्हीएचएफ रेडिओवर कान ठेवायचा आणि जहाजांच्या वाटेत रेंगाळायचं नाही. आत किल्ल्याच्या पुढे सरकलं की जयगड-तवसाळ फेरीबोट आणि कोळ्यांच्या होड्या, बाकी शांत.

जेटीवर एक चाचा भेटले. तीस-पस्तीस वर्षं परदेशी जहाजांवर काढून सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, म्हणून निवृत्त झालेले. रत्नागिरीच्या या पट्ट्यात घरटी एक दर्यावर्दी असायचा. आमच्या डिंगीतून, म्हणजे किनाऱ्यावर ये-जा करायच्या छोट्या होडीतून, ते बोटीवर आले, चहा घेण्याआधी नाळेवर गेले आणि साखळीची एकेक कडी बोटांनी चाचपू लागले. एका जोडकडीशी थांबले. "हिची तार बदला. बाकी माल चांगला आहे." जोडकडीचा खिळा फिरू नये म्हणून बांधलेली तार गंजली होती. खिशातून तारेचा तुकडा काढून त्यांनी स्वतःच ती बांधली. मग म्हणाले, "लोकांना वाटतं, नांगर बोट धरतो. साखळीचं वजन धरतं, बाबा. ती तळाशी पडून राहिली पाहिजे."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी जेवलो. तांदळाची भाकरी, नारळाच्या रसातली कोळंबी, आणि चाचींनी केलेले सांदण. त्यांच्या ओट्यावरून खाडीतली आमची बोट दिसत होती. चाचा जेवतानाही मधूनमधून तिच्याकडे पाहत होते. पाहुण्याची बोट हलली तर नाही ना, एवढ्याचसाठी.

दशमी ते द्वादशी : विजयदुर्ग

रत्नागिरीला थांबलो नाही. मिरकरवाडा हे मच्छीमारांचं गजबजलेलं बंदर. त्यांची कामाची जागा आपण अडवायची नाही, असं माझं मत आहे. पहाटे निघून सत्तेचाळीस मैल एका दमात केले. दुपारनंतर वायव्येचा वारा पाठीवर आला आणि बोट साडेसहा नॉट्सने धावत होती. चारच्या आत विजयदुर्गाचे बुरूज समोर.

किनाऱ्यावरचं माझं सर्वांत आवडतं बंदर हेच. वाघोटण खाडीच्या तोंडाशी वाळूचा बांध नाही, पाणी खोल, आणि किल्ल्याच्या मागे गेलं की पश्चिमेची लाट संपते. आंग्र्यांचं आरमार इथे का राहिलं हे नकाशावरून कळतं, पण शीड उतरवून त्या आडोशात शिरताना ते अंगाला कळतं. १७५६ साली वॉटसन आणि क्लाइव्ह यांच्या हल्ल्यात ते आरमार याच पाण्यात जळलं. दुसऱ्या दिवशी खाडीच्या आतल्या अंगाला कातळात खोदलेली मराठ्यांची गोदी पाहायला गेलो. भरतीला जहाज आत घ्यायचं आणि दुरुस्त करायचं. आज तिथे पाणी, गाळ आणि झुडपं. पुतणी गोदीच्या काठाने टोकापर्यंत चालत गेली आणि बराच वेळ काही बोलली नाही.

सकाळी सागरी पोलिसांची बोट आली. नोंदणीची कागदपत्रं, विमा, सगळ्यांची ओळखपत्रं, कुठून आलात, कुठे जाणार. २००८ नंतर ही चौकशी सगळीकडे होते आणि व्हायलाच हवी. सगळ्या कागदांच्या दोन-दोन प्रती प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवाव्यात आणि पोचल्याबरोबर आपणच बंदर कार्यालयात जाऊन सांगावं. तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे दोन्ही क्रमांक आम्ही कॉकपिटमध्ये चिकटवून ठेवले होते.

एकादशी होती. खानावळीच्या काकूंनी मासे नाहीत असं सांगून वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी आणि बटाट्याची भाजी वाढली. द्वादशीला मात्र कुळथाची पिठी, भात, तळलेला बांगडा आणि सोलकढी. पैसे देताना त्यांनी विचारलं, "रात्री बोटीवर भीती नाही वाटत?" पुतणी म्हणाली, "इथं नाही वाटत."

एक मागणी मनापासून करावीशी वाटते. विजयदुर्ग आणि जयगड इथे बोट बांधायला चार-चार मूरिंगचे बोये आणि भरती-ओहोटीबरोबर वरखाली होणारा एक छोटा तरंगता धक्का, एवढं झालं तरी या किनाऱ्यावर शिडाच्या बोटी येऊ लागतील. सध्या ओहोटीत जेटीवर चढायचं म्हणजे शेवाळलेल्या पायऱ्या. मच्छीमार बायकांनाही त्याच पायऱ्यांवरून टोपल्या घेऊन चढावं लागतं. तरंगत्या धक्क्याचा पहिला फायदा त्यांना होईल.

त्रयोदशी : देवगड

अकरा मैल, अरुंद तोंड, आत तळ्यासारखं पाणी. डिझेल आणि पाणी भरलं, लवकर झोपलो.

चतुर्दशी : मालवण

मालवणचं बंदर खडपांनी वेढलेलं आहे. इथे आमचा बेत दाभोळच्या उलटा होता : ओहोटीला पोचायचं. चतुर्दशीचं पाणी उधाणाचं, त्यामुळे चारच्या सुमाराला ते खूप खाली गेलं आणि भरतीत दडणारे खडप उघडे पडले. पाणी परत चढू लागेपर्यंत बाहेर थांबलो. सूर्य पाठीमागे, खडप समोर स्पष्ट, पाणी चढतं. अनोळखी खडकाळ बंदरात शिरायला यापेक्षा चांगली वेळ नाही. समोरून ऊन डोळ्यांवर येत असेल तर पाण्याखालचं काहीच दिसत नाही.

सिंधुदुर्गाकडे तोंड करून हळू जात होतो तोच एका पातीवरून, म्हणजे मच्छीमारांच्या छोट्या होडीवरून, ओरडणं ऐकू आलं. "थंय नांगर टाकू नकात! खाली खडप आसा. हडे येवा, हंय रेव आसा." एक काका आणि त्यांचा नातू. आम्ही त्यांच्या मागून गेलो. किल्ल्याच्या आसपास प्रवाळ आहे, हा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. प्रवाळावर नांगर पडला तर नांगरही अडकतो आणि वाढायला कित्येक वर्षं लागलेलं प्रवाळ एका ओढीत तुटतं. वाळू नक्की आहे असं कोणी सांगितल्याशिवाय मालवणात नांगर टाकू नये.

सकाळी किनाऱ्यावर रापण ओढत होते. आम्हीही दोराला हात लावला. तासभर ओढल्यावर जाळं वर आलं, पेडवे आणि बांगडे चांदीसारखे उसळत. हात लावला म्हणून आमच्याही पिशवीत पेडवे पडले, नको म्हटलं तरी. ते तिरफळं घालून काकांच्या घरीच शिजले. घावण्यांबरोबर खाल्ले.

कुरटे बेटावरचा हा किल्ला १६६४ ते १६६७ मध्ये बांधला. खडपांतून आत येण्याची वाट ज्याला माहीत तोच इथे पोचेल, हे हेरूनच जागा निवडली असणार. आदल्या संध्याकाळी त्या वाटेने आल्यावर मला त्यात शंका उरली नाही.

पौर्णिमा : वेंगुर्ला

वाटेत वेंगुर्ला रॉक्सचं दीपगृह लांबून पाहिलं. या खडकांच्या गुहांत पाकोळ्या घरटी करतात. आम्ही दूर राहिलो, पक्ष्यांसाठीही आणि बोटीसाठीही.

वेंगुर्ल्याला टेकडीचा थोडा आडोसा मिळतो, पण पश्चिमेला बंदर उघडं. माझी आई लहानपणी इथेच बोटीतून उतरत असे. बोट बाहेर नांगरून उभी राही, पडाव, म्हणजे माणसं किनाऱ्याला नेणाऱ्या होड्या, येत, आणि लाटेने पडाव वर आला की खलाशी मुलांना उचलून खाली घेत. ट्रंका, फणस, कोंबड्या, सगळं त्याच पद्धतीने. तिला बोट लागायची आणि पडावात तर फारच. डिंगीतून धक्क्याकडे जाताना लाट जशी खालून उचलत होती, त्यावरून तिचं बोलणं शब्दशः खरं होतं हे कळलं. तिथूनच तिला फोन केला. तिने आधी विचारलं, "वारा कुठला आहे?"

वद्य प्रतिपदा : पणजी

सहाला मतलईवर निघालो. आग्वादच्या कोपऱ्याशी अकराला, भरतीच्या ऐन आधी. मांडवीच्या तोंडाशी वाळूचा उथळ पट्टा आहे, पण वाट बोयांनी आखलेली आहे : आत येताना लाल डाव्या हाताला, हिरवा उजव्या. आत कॅसिनोची जहाजं आणि सहलीच्या बोटी यांची वर्दळ सतत. पुलांखालून डोलकाठी जाण्याचा प्रश्न येतो, म्हणून पुलाच्या अलीकडेच, रेइश मागुशच्या बाजूला नांगर टाकला आणि कॅप्टन ऑफ पोर्ट्सच्या कार्यालयात जाऊन नोंद केली. संध्याकाळी गरम पोई आणि माशाची कढी.

परतीला वायव्येचा वारा तोंडावर असतो. पहाटे मतलई आणि इंजिन यांच्यावर निघायचं आणि दुपारी एकच्या आत कुठल्यातरी खाडीत शिरायचं, एवढाच बेत चालतो. मुक्काम त्यामुळे वाढतात. मे महिन्याच्या मध्याआधी, आगोटीची, म्हणजे पावसाच्या तोंडावरची, लाट सुरू व्हायच्या आत, बोट घरी पोचलेली हवी. हाताशी थोडेच दिवस असतील तर हर्णै आणि वेंगुर्ला गाळून राजपुरी, जयगड आणि विजयदुर्ग करावेत. तिन्हीकडे तळाला चिखल आहे, तिन्हीकडे रात्री झोप लागते, आणि जयगडला जेटीवर चाचांची चौकशी केली तर ते साखळी पाहायला नक्की येतील.